चवदार तळ्याचा निकाल : बॅरिस्टर आंबेडकरांनी काय जिंकलं आणि काय उरलं

(वाशीम येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय दिला 'बॅरिस्टर आंबेडकर'. आधी मला जरा संकोच वाटला, कारण मी काही कायद्याचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण मग वाटलं, न्यायालयाचं निकालपत्र म्हणजे शेवटी लिहून ठेवलेला युक्तिवादच असतो, आणि युक्तिवाद तपासायचं काम आम्ही करत आलो. म्हणून आज मी एका निकालपत्राचं परीक्षण करणार आहे, जसं आपण एखाद्या पुस्तकाचं करतो तसं. निकाल आहे १७ मार्च १९३७ चा, मुंबई उच्च न्यायालयाचा. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. आपण त्याला चवदार तळ्याचा खटला म्हणतो.

सुरुवातीलाच एक तक्रार करतो, आणि ती माझ्यावरही आहे. एप्रिल महिन्यात आपल्याकडे, कारंज्यापासून रिसोडपर्यंत, बाबासाहेबांवर शेकडो भाषणं होतात. मीही पुष्कळ केली. त्या भाषणांत महाडचा भाग कसा येतो बघा. 'सत्याग्रह झाला, खटला झाला, बाबासाहेब जिंकले, आणि पुढे त्यांनी घटना लिहिली.' झालं! त्या स्वल्पविरामांमध्ये दहा वर्षं निघून जातात. खटला १९२७ मध्ये लागला, निकाली निघाला १९३७ मध्ये. आणि 'जिंकले' म्हणजे नेमकं काय जिंकले, हे कोणी विचारत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच, की तो विजय फार अरुंद होता. तो किती अरुंद होता हे समजल्याशिवाय घटनेतली काही कलमं का आली, हेही समजत नाही.

आधी त्यांच्या वकिलीबद्दल थोडक्यात. १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये मुंबईला वकिली सुरू केली. सनद काढायलाही पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं मदत केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर मंडळी काम देईनात. तरी त्यांनी घेतलेले खटले बघा. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांवर खटला झाला, त्यांच्या बाजूनं ते १९२६ मध्ये उभे राहिले. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं. कर्व्यांना दंड झाला, तो खटला हरले. १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री, आणि १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून राजीनामा. हे आपल्याला पाठ आहे.

मला थांबायचंय ते अशा खटल्याजवळ, ज्यात हा वकील स्वतःच प्रतिवादी होता.

हकीकत थोडी उजळून घेऊ. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी खर्चानं चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, प्रत्यक्षात कोणी पाण्याला गेलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं गेली, पाणी प्यायली. मग मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला.

हजारो माणसं महाडला जमली होती. मनुस्मृती २५ डिसेंबरला जाळली गेली, ते आपण सांगतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना तळ्यावरचा सत्याग्रह थांबवायला सांगितलं, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो. लोक मिरवणुकीनं तळ्याभोवती फिरले आणि पाण्याला हात न लावता परत गेले.

तरुणपणी मला हे पटत नसे. वाटायचं, मनाईहुकूम कोणी मिळवला? ज्यांनी पाणी अडवलं त्यांनीच. मग तो का पाळायचा? आता मला त्यांची अडचण जास्त समजते. ज्याच्या हातात कायद्याशिवाय दुसरी ढाल नाही, त्यानं ती पहिल्याच दिवशी फेकून दिली तर उद्या तो कोणाकडे जाणार? पण म्हणून त्या निर्णयाची किंमत लपवू नये. किंमत मोजली ती पायी चालत आलेल्या माणसांनी. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला, तरी दावा चालूच राहिला. १९३१ मध्ये महाडला निकाल, १९३३ मध्ये ठाण्याला अपील फेटाळलं, आणि मग १९३७.

आता निकालपत्र. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड आणि एन. जे. वाडिया. ब्रूमफील्ड म्हणजे तेच, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. वादींचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं. एक, तळं आमच्या मालकीचं आहे. दोन, मालकीचं नसलं तरी अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची प्रथा अनादिकाळापासून आहे आणि तिला कायद्याचं बळ आहे.

मालकीचा मुद्दा टिकला नाही. तळं नगरपालिकेचं ठरलं. राहिली प्रथा. इंग्रजी कायद्याप्रमाणे प्रथा मान्य व्हायला काही कसोट्या असतात: ती फार प्राचीन हवी, अखंड हवी, निश्चित हवी, आणि वाजवी हवी. न्यायालय म्हणालं, ही प्रथा अनादिकाळापासून असल्याचं वादींनी सिद्ध केलेलं नाही. पहिल्याच कसोटीवर दावा पडला. त्यामुळे प्रथा वाजवी आहे की नाही, हा प्रश्न हाती घ्यायची गरजच न्यायालयाला उरली नाही.

इथं जरा थांबा. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नाही. न्यायालय असं म्हणालं नाही की माणसाला पाणी नाकारणं अन्याय आहे. ते म्हणालं, पुरावा कमी पडला.

आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक खेळ खेळतो, 'समजा' म्हणून. समजा, वादींकडे दोनशे वर्षांपूर्वीचा कागद असता? महारांनी या तळ्याला शिवू नये असं लिहिलेला, शिक्क्यानिशी? तर? उत्तर कल्पनेनं द्यायला नको. १९०८ मध्ये दक्षिणेतल्या कमुदीच्या मंदिराचा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. नाडार लोकांना प्रवेश नाही, ही प्रथा तिथं सिद्ध झाली आणि नाडार हरले. म्हणजे अन्याय जितका जुना, तितका तो कायदेशीर! महाडला बाबासाहेब जिंकले, कारण तिथला अन्याय पुरेसा जुना असल्याचं समोरच्यांना दाखवता आलं नाही.

आणखी एक गंमत बघा, कडू गंमत. माझ्या लहानपणी आमच्या गावात दोन विहिरी होत्या. वरच्या विहिरीवर कोणतीही पाटी नव्हती, कोणी पहारा देत नव्हतं. तरी कोण कुठं पाणी भरणार, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. कोणी कधी अडवलं नाही, कारण कोणी कधी गेलंच नाही. प्रथा जितकी पक्की, तितका तिचा पुरावा कमी. न्यायालयाच्या कसोटीला ही गोष्ट दिसत नाही. महाडमध्ये ही उणीव आपल्या बाजूला पडली, एवढंच.

कोणी म्हणेल, सर, वकिलानं जिंकायचं असतं, तत्त्वज्ञान सांगायचं नसतं. बरोबर आहे. त्याच सुमारास अमेरिकेत काय चाललं होतं बघा. थर्गुड मार्शल हा बाल्टिमोरचा कृष्णवर्णीय तरुण वकील. त्याच्या गावाजवळच्या मेरीलँड विद्यापीठाचं विधी महाविद्यालय कृष्णवर्णीयांना बंद होतं, म्हणून तो वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात शिकला. त्यानं आणि त्याचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्याच मेरीलँडविरुद्ध दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा खटला लढवला आणि १९३६ मध्ये अपिलातही जिंकला. कशावर? 'वेगळं पण समान' हे तत्त्व १८९६ पासून तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं होतं. यांनी त्या तत्त्वाला हात लावला नाही. ते म्हणाले, तुमच्याकडे कृष्णवर्णीयांसाठी वेगळं विधी महाविद्यालयच नाही, मग समान कुठलं? यालाच आत घ्या. हाही अरुंद विजयच. 'वेगळं' हेच मुळात असमान आहे, हे शाळांच्या बाबतीत न्यायालयाकडून वदवून घ्यायला मार्शलना १९५४ साल उजाडावं लागलं. पुढे १९६७ मध्ये ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

मार्शल यांच्या हातात निदान लिखित घटना होती, तिच्यात समान संरक्षणाची दुरुस्ती होती. महाडच्या प्रतिवादीकडे तीही नव्हती. ती नाही, हे त्यांना निकालाच्या आधीपासून कळलं होतं. १९३० मध्ये, महाडचा दावा चालू असतानाच, त्यांनी गोलमेज परिषदेत दलितांच्या संरक्षणाची योजना मांडली. तिच्यात अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार दिलेला आहे. पण त्यातल्या १८७५ च्या कायद्याचं पुढे काय झालं होतं? खाणावळी, नाटकगृहं, प्रवासाची साधनं सर्वांना खुली करणाऱ्या त्या कायद्याच्या तरतुदी १८८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केल्या होत्या. कारण असं, की घटना सरकारला बांधते, खाजगी माणसानं केलेला भेदभाव तिच्या कक्षेत येत नाही.

आता आपल्या घटनेची चार कलमं या निकालाशेजारी ठेवून वाचा. ती त्यांनी एकट्यानं लिहिली असं मी म्हणत नाही. घटना समितीत पुष्कळ हात होते. पण मसुदा समितीच्या अध्यक्षाला महाड आठवत नसेल, हे मला खरं वाटत नाही.

महाडचा निकाल एका तळ्यापुरता होता. आपला वऱ्हाड तर तेव्हा मध्य प्रांतात. वाशीमच्या विहिरीला त्या निकालाचं बंधनही नव्हतं. कलम १५ च्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेऊन सांगितलंय, आणि ते साऱ्या देशासाठी आहे. महाडला 'प्रथा सिद्ध झाली तर?' ही टांगती तलवार होती. कलम १३ मध्ये 'कायदा' या शब्दात रूढी आणि प्रथाही धरल्यात. मूलभूत हक्काच्या आड येणारी प्रथा कितीही जुनी असो, ती शून्य. अमेरिकेत खाजगी माणूस निसटला होता. कलम १७ अस्पृश्यताच नष्ट करतं, ती सरकारनं पाळो की शेजाऱ्यानं. आणि महाडला दहा वर्षं लागली. कलम ३२ म्हणतं, थेट सर्वोच्च न्यायालयात या. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी या कलमाला घटनेचा आत्मा म्हटलं. दहा वर्षं प्रतिवादी राहिलेल्या माणसाचं ते बोलणं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा, म्हणजे त्यातलं वजन कळतं.

मग सगळं भरून निघालं का? नाही. आणि हे मला आपल्याच जिल्ह्यानं शिकवलं. २०१६ च्या दुष्काळात मालेगाव तालुक्यातल्या एका गावाची बातमी देशभर गेली. पत्नीला विहिरीवर पाणी नाकारलं, म्हणून एका दलित मजुरानं रोजची मजुरी सांभाळून, एकट्यानं, चाळीस दिवसांत विहीर खोदली. पाणी लागलं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, मीही केलं. त्याच्या जिद्दीला सलामच आहे. पण ते कौतुक ऐकताना मला वाटत होतं, आपण पुन्हा तेच करतोय. 'जिंकला' म्हणून मोकळे होतोय. कलम १५ बोलतं ते सार्वजनिक पाण्याबद्दल. मालकीची विहीर म्हटली की बोलणं अडखळतं. महाडच्या वादींचा पहिला मुद्दा आठवा: तळं आमच्या मालकीचं आहे. तो मुद्दा १९३७ मध्ये हरला, पण मेला नाही. आणि कलम १७ चा आधार घ्यायचा तर कोणीतरी तक्रार करायला हवी, साक्ष द्यायला हवी. साक्ष कोण देणार? त्याच गावात राहणारे आपण.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. येत्या एप्रिलमध्ये भाषण करणाऱ्यांनी पदव्यांची यादी जरा कमी करावी आणि हा निकाल वाचावा. वकिलांनी तो गावात वाचून दाखवावा. बाबासाहेब जिंकले हे जरूर सांगा. पण कशावर जिंकले आणि कोणता प्रश्न न्यायालयानं न उघडताच ठेवला, हेही सांगा. तो प्रश्न त्यांनी घटनेत उघडला. पण आपल्या गावच्या पाणवठ्यावर तो रोज कोणीतरी बंद करत असतो.