लस-संशोधनातील त्रिपक्षीय भागीदारी : एक चिकित्सा

शासन, विद्यापीठ व उद्योग यांच्या भागीदारीचा गौरव अलीकडे प्रत्येक चर्चासत्रात होतो. ही भागीदारी समपातळीवरची असते, असे त्यात गृहीत धरलेले असते. महाराष्ट्राचा अनुभव मात्र हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा शासनाने वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. निधी शासनाचा, जागा शिक्षणसंस्थेची आणि निर्मितीही तेथेच, असे या प्रयत्नाचे स्वरूप होते. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही संशोधन व उत्पादन एकत्रच नांदले. १९७५ मध्ये उत्पादनासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ही दोन अंगे विभक्त झाली. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा निर्णय सोयीचा असेल. परंतु संशोधक व निर्माता यांच्यातील दैनंदिन संवाद त्यामुळे क्षीण होणे अपरिहार्य होते. २०२१ मध्ये याच महामंडळाला कोव्हॅक्सिनच्या निर्मितीचे तंत्र एका खाजगी कंपनीकडून घेण्याची योजना आखावी लागली, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

कोव्हॅक्सिनचे उदाहरण अधिक उद्बोधक ठरते. विषाणूचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केला. उत्पादन भारत बायोटेकने केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला विक्रीवर स्वामित्वशुल्कही मिळाले. तरीही कंपनीच्या पेटंट अर्जात परिषदेचे नाव नव्हते. २०२४ मध्ये यावर वाद झाल्यानंतर परिषदेचे नाव सहमालक म्हणून समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू झाली. केंद्र शासनाच्या शिखर संस्थेची ही स्थिती असेल, तर एखाद्या महाविद्यालयाचा पाड काय?

याउलट रोटाव्हॅक लशीचा मूळ विषाणू दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एका शिक्षणसंस्थेत सापडला. शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पाठबळ दिले, पुण्यासह तीन केंद्रांवर चाचण्या झाल्या आणि एका मात्रेची किंमत सुमारे एक डॉलर ठेवण्याचे उत्पादकाने आधीच मान्य केले. येथे सार्वजनिक हिताची अट आरंभीच घातली गेली होती. यशाचे रहस्य त्यात आहे.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान शिकविले जाते. ठाणे-बेलापूर पट्टा व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहेत. तथापि, उद्योगांशी असलेला संबंध बहुधा औद्योगिक भेट, उन्हाळी प्रकल्प व प्रमाणपत्र एवढ्यापुरताच राहतो. सामंजस्य करार होतात, त्यांची छायाचित्रे मूल्यांकनाच्या अहवालात लागतात. शोधाचे श्रेय, प्रकाशनाचा अधिकार आणि उत्पन्नातील वाटा यांविषयीची कलमे मात्र क्वचितच आढळतात.

सारांश, भागीदारी हा सद्भावनेचा नव्हे, तर कराराचा विषय आहे. प्रयोगाला आरंभ होण्यापूर्वी श्रेय, माहिती व किंमत यांचा निर्णय लेखी झाला नाही, तर ज्ञान निर्माण करणारी शिक्षणसंस्था भागीदार न राहता केवळ मनुष्यबळ पुरविणारे केंद्र बनते. हे भान प्रथम प्राध्यापकवर्गाने बाळगणे आवश्यक आहे.