तक्त्यावरची कोणती ओळ?
मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे यश आपण शल्यविशारदाच्या हाताला देतो. ‘हाताला गुण आहे’ हा आपला आवडता दाखला. हात महत्त्वाचा आहेच. पण कोणती पद्धत वापरायची, डोळ्यात काय बसवायचे, कोणत्या तपासण्या करायच्या आणि शेवटी कशाला ‘दिसू लागले’ म्हणायचे, हे त्या हाताच्या आधी कुठल्या तरी चाचणीत ठरलेले असते. अशा चाचण्यांचे निष्कर्ष आपल्यापर्यंत पोचतात, त्यांमागचे प्रश्न पोचत नाहीत. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नांचीच तपासणी करायची आहे.

एक काळ असा होता की मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचे, मग नैसर्गिक भिंग अख्खे काढायचे आणि नाकावर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा चढवायचा. कृत्रिम भिंग श्रीमंत देशांत रुळले, तरी गरीब देशांत ते परवडेल का, सुरक्षित ठरेल का, अशी शंका होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात 3400 रुग्णांवर झालेल्या चाचणीने तिचे उत्तर दिले. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत भिंगारोपणाची बाजू वरचढ ठरली. या चाचणीने केवळ तक्त्यावरची अक्षरे मोजली नाहीत. रोजची कामे कशी होतात, वावरताना अडचण येते का, हेही रुग्णांना विचारले. दरम्यान 1992 पासून अरविंदच्याच ऑरोलॅबमध्ये स्वस्त भिंगे बनू लागली होती. पुरावा आणि पुरवठा हातात हात घालून आले, म्हणून उपचार बदलले. नुसता शोधनिबंध एवढे करू शकला नसता.

पुढचा प्रश्न पुण्यात विचारला गेला. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी 741 रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून दोन पद्धतींची तुलना केली. एक टाके घालावे लागणारी जुनी, दुसरी लहान छेदाची, हाताने करायची. 2003 मध्ये निष्कर्ष आले. सहा आठवड्यांनी चष्म्याविना 6/18 किंवा त्याहून चांगली दृष्टी जुन्या पद्धतीत 37.3 टक्के, तर नव्या पद्धतीत 47.9 टक्के रुग्णांना मिळाली. 6/18 म्हणजे निकोप डोळ्याला अठरा मीटरवरून वाचता येते ते सहा मीटरवरून वाचणे. योग्य चष्मा लावून मोजल्यावर हेच आकडे 86.7 आणि 89.8 झाले.

या चार आकड्यांवर थोडे थांबायला हवे. चष्मा लावून पाहिले तर दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्या, आणि दोन्ही यशस्वी. चष्मा काढला की दोन्हींतले निम्म्याहून अधिक रुग्ण त्या ओळीच्या खाली. डोळा तोच, शस्त्रक्रिया तीच, पण ‘यश’ दुपटीने वाढते किंवा निम्म्यावर येते. ज्याला चष्म्यासाठी पुन्हा शहरात यायला एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी घालवावी लागते, त्याच्यासाठी पहिलेच आकडे खरे. संशोधकांनी दोन्ही मोजमापे छापली, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

2005 मध्ये याच रुग्णालयातून फेको आणि लहान छेद यांची तुलना आली, 400 डोळ्यांवर केलेली. सहा आठवड्यांनी चष्म्याविना फेकोचे 81.1 टक्के, तर लहान छेदाचे 71.1 टक्के रुग्ण त्या ओळीपर्यंत पोचले. चष्म्यासह दोन्हीकडे 98.4 टक्के. यावरून लहान छेदाची पद्धत कमी खर्चात जवळपास तितकीच परिणामकारक आहे, असा युक्तिवाद झाला. यंत्राचा खर्च पाहता तो रास्त आहे. मात्र त्याला एक अट चिकटलेली आहे: चष्मा रुग्णाच्या नाकावर खरोखर पोचला पाहिजे. तो पोचत नसेल तर स्वस्त पद्धतीची बचत शंभरातले दहा रुग्ण आपल्या नजरेतून भरत असतात. शस्त्रक्रियांची संख्या मोजणाऱ्या मोहिमांनी ही अट सोयीने विसरू नये.

संशोधनाची गरज अनुभवी डॉक्टरलाही का असते, हे जंतुसंसर्गाच्या उदाहरणावरून कळते. शस्त्रक्रियेच्या अखेरीस डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडल्याने संसर्ग घटतो, हे युरोपातील मोठ्या यादृच्छिक चाचणीने 2007 मध्ये दाखवले. अरविंदने पुढे सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरल्यावर प्रमाण दहा हजारांत सातवरून दोनवर आले होते. हा अभ्यास नोंदींवर आधारित असल्याने त्याचे वजन यादृच्छिक चाचणीइतके धरता येत नाही. तरी एक हिशेब पाहा. वर्षाला तीनशे शस्त्रक्रिया करणाऱ्याला दहा हजारांत सात या दराने असा रुग्ण साधारण पाच वर्षांतून एकदा दिसेल. ‘माझ्याकडे असे होत नाही’ हे त्याचे वाक्य खरे असूनही निरर्थक ठरते.

आता उलट बाजू. अमेरिका आणि कॅनडात सुमारे 19 हजार शस्त्रक्रियांवर झालेल्या आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट ईसीजी आणि रक्ततपासण्या केल्याने गुंतागुंत कमी होत नाही, असे आढळले. दोन्ही गटांत प्रमाण एकच, हजारी 31.3. तरीही 2011 मधील मेडिकेअर रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तर निम्म्याहून अधिकांच्या तपासण्या झालेल्याच होत्या. लेसर यंत्राने करायच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेचेही तसेच. फ्रान्समधील पाच विद्यापीठ रुग्णालयांतील चाचणीने 2020 मध्ये ती फेकोपेक्षा सरस नसून महाग आहे, असे दाखवले. जाहिरातींतला ‘ब्लेडविना’ हा शब्द त्याने पुसला गेला नाही.

अर्थात परदेशी निष्कर्ष जसाच्या तसा उचलणेही धोक्याचे. त्या तपासण्यांच्या चाचणीतील रुग्णांची प्रकृती आधी डॉक्टरांनी पाहिलेली होती. आपल्याकडे अनेकांना आपला मधुमेह डोळे दाखवायला आल्यावरच कळतो. त्यांची साखर पाहणे ही उधळपट्टी नव्हे.

म्हणजे ‘संशोधनाने सिद्ध झाले’ एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. पुरावा व्यवहाराच्या बाजूने असला तर लवकर झिरपतो. बिल कमी करणारा असला तर दाराशी खोळंबतो. सहा आठवड्यांपुढे, एखाद-दोन वर्षांनी रुग्णाला काय दिसते, चष्मा कितींकडे टिकला, बाईला शस्त्रक्रियेपर्यंत पोचायला किती उशीर झाला, हे प्रश्न यंत्र विकणारा विचारणार नाही. ते सार्वजनिक पैशातून आणि धर्मादाय रुग्णालयांतूनच विचारले जावे लागतील. मदुराईने आणि पुण्याने तशी वाट घालून दिली आहे. रुग्णानेही शस्त्रक्रियेआधी एक साधा प्रश्न विचारावा: दिसेल म्हणता ते चष्म्यासह, की चष्म्याविना?