निदर्शकाची साक्ष आणि तिची मर्यादा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ मानवी पॅपिलोमा विषाणूत आहे, हे हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या १९८३-८४ मधील संशोधनानंतर क्रमाक्रमाने सर्वमान्य झाले. तथापि हा संसर्ग बहुसंख्य स्त्रियांत दोनएक वर्षांत आपोआप ओसरतो. विषाणू सापडणे म्हणजे रोग सापडणे नव्हे. या दोहोंमधील अंतर मोजण्यासाठी जे जैविक निदर्शक पुढे आले, त्यांत ‘पी-१६’ हे प्रथिन अग्रगण्य होय.

त्यामागील उपपत्ती समर्पक आहे. विषाणूचे ‘ई-७’ प्रथिन पेशीविभाजनास आवर घालणारे रेटिनोब्लास्टोमा प्रथिन निकामी करते. परिणामी एरवी दबलेले पी-१६ विपुल प्रमाणात निर्माण होते. परंतु ते ज्या मार्गाने विभाजन रोखते तो मार्गच तुटलेला असल्याने पेशी थांबत नाही. म्हणूनच पी-१६ आणि विभाजनाची खूण असलेले ‘की-६७’ एकाच पेशीत आढळणे, ही विकृतीची साक्ष ठरते.

द्वितीय श्रेणीच्या पूर्वकर्करोगी विकृतीविषयी सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षकांचे एकमत होणे दुर्घट असते. अशा संशयस्थळी पी-१६चा आधार घ्यावा, ही अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांची २०१२ मधील शिफारस रास्तच होती. आक्षेप आहे तो तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. पी-१६ विषाणूने काय केले ते सांगते. विकृती पुढे काय करील ते सांगत नाही. उपचाराविना देखरेखीखाली ठेवलेल्या द्वितीय श्रेणीच्या विकृतींपैकी सुमारे निम्म्या दोन वर्षांत मावळतात व सुमारे १८ टक्के बळावतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात आढळले. मावळणाऱ्या विकृतींत पी-१६ असलेल्याही असतात. साक्षीलाच निकाल मानले, तर तरुण स्त्रीवर अनावश्यक छेदनोपचार होतो आणि पुढील गर्भारपणात अकाली प्रसूतीचा धोका वाढतो.

उलटपक्षी उपेक्षाही तितकीच घातक. न्यूझीलंडमध्ये पुरेसा उपचार न झालेल्या तृतीय श्रेणीच्या रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कर्करोग झाला.

तेव्हा निदर्शकाचे योग्य स्थान दुसऱ्या पायरीवर आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकाच विषाणूपरीक्षेने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. ते श्रेय परीक्षेइतकेच तिच्या पाठोपाठ पोचलेल्या तपासणीचे व उपचाराचे होते. विषाणू आढळलेल्यांपैकी कोणास तातडीने तपासावे व कोणास थांबू द्यावे, एवढे जरी निदर्शकाने सांगितले तरी त्याचे कार्य सफल झाले. त्याहून अधिक अपेक्षा ठेवणे म्हणजे साक्षीदाराला न्यायासनावर बसविणे होय.