उत्तर गोव्याचा आकडा मालवणात चालेल का?

सिंधुदुर्गातल्या मुलांच्या एडीएचडीवर प्रस्ताव लिहायला बसलात, की एक पेपर हमखास हाताला लागतो. ‘प्लॉस मेडिसिन’मधला २०१८चा, इन्क्लेनच्या गटाचा. पाच ठिकाणची २ ते ९ वर्षांची ३,९६४ मुलं, त्यांत उत्तर गोव्याचीही. गोवा म्हणजे तेरेखोलच्या पलीकडेच! मग तिथलं प्रमाण उचलून आपल्या प्रस्तावात टाकायचा मोह होतो. जरा थांबा.

अभ्यास चांगला आहे, यात वाद नाही. नुसती प्रश्नावली भरून मुलांना सोडून दिलं नाही. रुग्णालयात बोलावून तपासलं, मगच निदान धरलं. पण एडीएचडी फक्त ६ ते ९ वयोगटात मोजला आहे, आणि त्याचं साधन डीएसएम-४-टीआरवर बेतलेलं. त्यात लक्षणं ७ वर्षांच्या आत दिसायला हवीत. २०१३च्या डीएसएम-५ने ती मर्यादा १२ केली. पाचवी-सहावीत अभ्यास वाढला की जिची अडचण उघडी पडते, ती गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी या आकड्यात सापडणारच नाही.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे: माहिती दिली कोणी? साधनातले प्रश्न पालकांना विचारायचे आहेत. निकष मात्र म्हणतो, लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावीत, उदाहरणार्थ घरी आणि शाळेत. “माझो झील एका जाग्यार बसणा नाय,” असं आई सांगते तेव्हा ती तुलना कोणाशी करते? थोरल्या मुलीशी की शेजारच्या पोराशी? आणि वर्गातलं तिला कितीसं दिसतं? छोट्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत एकच गुरुजी दोन-तीन इयत्ता एका खोलीत सांभाळतात. ते तिसरीला गणित शिकवत असताना पहिलीतलं पोर उठून फिरलं, तर ते लक्षण धरायचं का? दवाखान्यात डॉक्टर शिक्षकांशी बोलतो, ऐकू नीट येतं का, झोप कशी आहे, हे खोदून विचारतो. जिल्ह्याचा ढोबळ अंदाज काढायला पालकांचं सांगणं चालून जाईल. एका मुलावर शिक्का मारायला नाही चालणार.

कुणी म्हणेल, मग औषध चालू असलेली मुलंच मोजू! तेही फसवं. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं: चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची, परवानाही वेगळा. असं औषध गावातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नसतं. तिथे मोजणी होते ती औषध मिळण्याची, आजाराची नव्हे.

म्हणून पेपर काढलात की आधी पद्धतीचा भाग उघडा, आणि ‘प्रश्न कोणाला विचारले’ त्या ओळीखाली पेन्सिल ओढा. तक्ते नंतर बघू.