गोऱ्या मातांचे मत

अमेरिकेत २०१६ सालची अध्यक्षीय निवडणूक आटोपल्यावर एका आकड्याने मोठा गहजब उडविला. एका पक्षातर्फे हिलरी क्लिंटन ही स्त्री उभी होती. दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराने स्त्रियांविषयी वापरलेली अशिष्ट भाषा महिनाभर आधी साऱ्या जगाच्या कानांवर आली होती. आणि तरीही मतदानकेंद्रांबाहेर घेतलेल्या चाचणीत गौरवर्णीय स्त्रियांपैकी शेकडा ५२ जणींनी डोनाल्ड ट्रम्प ह्यांसच मत दिल्याचे दिसून आले. लागलीच प्रश्न निघाला की, ह्या स्त्रियांनी स्त्रीजातीचा विश्वासघात का केला? पुढे २०२४ साली कमला हॅरिस पराभूत झाल्या, तशाच चाचणीत हा आकडा ५३ निघाला, आणि तोच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा विचारला गेला.

आमच्या मते हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला आहे. आणि तो का चुकीचा आहे हे ज्या पुस्तकावरून उत्तम कळते त्याचा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे. एलिझाबेथ गिलेस्पी मॅक्रे ह्या विदुषींचे 'मदर्स ऑफ मॅसिव्ह रेझिस्टन्स' हे पुस्तक ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने २०१८ साली प्रसिद्ध केले. पुस्तक अलीकडच्या निवडणुकांविषयी नाही. १९२० पासून सुमारे अर्धशतकाचा तो इतिहास आहे. गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. त्यावर व्हर्जिनियाचे सेनेटर हॅरी बर्ड ह्यांनी १९५६ साली 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली. ह्या प्रतिकाराचा इतिहास म्हणजे गव्हर्नरांची भाषणे व कायदेमंडळांचे ठराव, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मॅक्रेबाई विचारतात, हाक पुरुषांनी दिली खरी, पण ज्या व्यवस्थेसाठी ती दिली ती व्यवस्था रोजच्या रोज कोणाच्या हातांनी चालत होती?

त्यांचे उत्तर असे की, ते हात पुष्कळअंशी गोऱ्या स्त्रियांचे होते. ह्या दृष्टीने व्हर्जिनियातील १९२४ च्या वंशशुद्धीच्या कायद्यावरील प्रकरण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटले. मनुष्याचा वंश कोणता हे कायद्याच्या कलमाने ठरत नाही. ते कोणीतरी कागदावर लिहावे लागते. जन्माची नोंद करणारी कारकून, घरोघर फिरणारी समाजसेविका, हे मूल कोणत्या शाळेत बसेल हे ओळखणारी शिक्षिका, ह्यांनी ते लिहिले. शेजाऱ्याच्या आजीचा वर्ण आठवून सांगण्याचे काम गव्हर्नरास जमले नसते.

ह्या अनामिक स्त्रियांबरोबर लेखिकेने चार नामांकित स्त्रियांची चरित्रे गुंफली आहेत. मिसिसिपीच्या मेरी केन ह्या वृत्तपत्राच्या संपादिका. सरकारी विम्याचा कर भरण्याचे त्यांनी नाकारले म्हणून सरकारने १९५२ साली त्यांच्या कचेरीस कुलूप ठोकले, तेव्हा बाईंनी करवतीने ते कापून काढले! त्याच राज्यातील फ्लॉरेन्स सिलर्स ऑग्डेन ह्या बड्या जमीनदार घराण्यातील सदरलेखिका. साउथ कॅरोलायनाच्या कॉर्नेलिया डॅबनी टकर ह्यांनी गुप्त मतदानासाठी चळवळ केली. चौथ्या नॉर्थ कॅरोलायनाच्या नेल बॅटल लुईस. आणि आमचे मन त्यांच्याच ठायी अधिक गुंतले. १९२९ साली गॅस्टोनियाच्या गिरण्यांतील संपात कामगारांची बाजू घेणारी, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी ही पत्रकार आयुष्याच्या अखेरीस वेगळ्या शाळांची कडवी पुरस्कर्ती झाली. हा पालट कसा झाला हे लेखिका घाई न करता दाखविते. एखाद्या कादंबरीकाराने हेवा करावा असे हे व्यक्तिचित्र आहे.

ह्या चौघींपैकी एकीसही अबला म्हणता येणार नाही. त्या लिहितात, सभा गाजवितात, सरकारशी दोन हात करतात. आणि हे सर्व त्या स्त्रीत्व बाजूस ठेवून करीत नाहीत. आम्ही माता आहोत, मुलांच्या शाळेची चिंता आम्ही नाही तर कोणी वाहावयाची, असाच त्यांचा युक्तिवाद असतो. मुलाने कोणाशेजारी बसावे, मुलीने कोणाशी विवाह करावा, क्रमिक पुस्तकात कोणता इतिहास असावा, हे सारे मातेच्या अधिकारातील विषय ठरतात, आणि वर्णभेदाची सारी इमारत ह्याच विषयांवर उभी असते. वर्ण व स्त्रीत्व ही तराजूची दोन पारडी असून मत देताना त्यांपैकी एक जड होते, अशी जी कल्पना निवडणुकीवर लिहिणारे गृहीत धरतात, ती येथे कोसळते. ह्या स्त्रियांना स्त्री म्हणून जो मान होता तो गोरी स्त्री म्हणून होता. काळ्या दाईस किंवा मोलकरणीस मातृत्वाचा तो मान कोणी दिला नव्हता. मग आपल्या मानाचे रक्षण करणाऱ्या मताला विश्वासघात कसे म्हणावे? ते निंद्य असेल, पण त्यात विसंगती नाही.

ही गोष्ट दक्षिणेपुरती किंवा मॅक्रेबाईंच्या कालखंडापुरतीही नाही. आमच्याकडील सुशिक्षितांस अमेरिकन स्त्रीची पहिली ठसठशीत ओळख पंडिता रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्ताने करून दिली. तेथील स्त्रियांच्या संस्था व त्यांचा स्वावलंबी बाणा ह्यांनी रमाबाई भारून गेल्या होत्या, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु ज्या मद्यपाननिषेधक संघाशी त्यांचा निकट संबंध आला त्याच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड ह्यांनी पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९० साली, एका मुलाखतीत दक्षिणेतील काळ्या मतदारांविषयी अत्यंत अनुदार उद्गार काढले, आणि आयडा बी. वेल्स ह्या कृष्णवर्णीय लेखिकेने त्याबद्दल त्यांस इंग्लंडात जाऊन जाब विचारला. मताधिकाराच्या चळवळीची कथाही अशीच आहे. ल्यूसी स्टोन ह्यांचे पती हेन्री ब्लॅकवेल हे गुलामगिरीचे कट्टे विरोधक. परंतु १८६७ साली दक्षिणेतील कायदेमंडळांस त्यांनी हिशेब मांडून दाखविला तो असा की, स्त्रियांस मत दिल्याने गोऱ्यांचे संख्याबळ वाढेल. १९१३ साली वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांची प्रचंड मिरवणूक निघाली तेव्हा ह्याच वेल्सबाईंस मागे चालण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. १९२० साली घटनादुरुस्ती होऊन स्त्रियांस मत मिळाले खरे, पण दक्षिणेतील बहुसंख्य काळ्या स्त्रियांस ते प्रत्यक्ष वापरता येण्यास १९६५ चा कायदा व्हावा लागला. तेव्हा पंचेचाळीस वर्षे त्या भागात 'स्त्रियांचे मत' ह्या शब्दांचा व्यवहारातील अर्थ काय होता हे निराळे सांगणे नको.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून आकड्यांकडे वळले म्हणजे त्यांतील आश्चर्य बरेच ओसरते. राज्यशास्त्राच्या अभ्यासक जेन जन ह्यांनी २०१६ नंतर दाखवून दिले की, १९५२ पासून गोऱ्या स्त्रियांनी डेमोक्रॅटिक पक्षास आघाडी दिली ती १९६४ व १९९६ ह्या दोनच अध्यक्षीय निवडणुकांत. 'स्त्रिया डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकतात' हे जे १९८० पासून ऐकू येते ते एकूण स्त्रियांविषयी खरे आहे, आणि ते खरे ठरविण्यात मोठा वाटा कृष्णवर्णीय स्त्रियांचा आहे; २०१६ च्या चाचणीत त्यांच्यापैकी शेकडा ९४ जणींनी क्लिंटनबाईंस मत दिले होते. अलाबामात डिसेंबर २०१७ मध्ये सेनेटची पोटनिवडणूक झाली. रॉय मूर ह्यांच्यावर अल्पवयीन मुलींशी गैरवर्तनाचे आरोप होते. चाचणीप्रमाणे गोऱ्या स्त्रियांपैकी शेकडा ६३ जणींनी त्यांसच मत दिले, काळ्या स्त्रियांनी जवळजवळ एकमुखाने त्यांच्या प्रतिस्पर्ध्यास दिले, आणि मूर पडले.

येथवर आम्ही मॅक्रेबाईंच्या बाजूने बोललो. आता त्यांच्या वाचकांविषयी, आणि थोडेसे त्यांच्याविषयीही, तक्रार नोंदविली पाहिजे. त्यांचे पुस्तक हाती घेऊन सरसकट प्रत्येक गोऱ्या मतदारिणीस मेरी केनची नात ठरविण्याची जी टूम निघाली आहे ती आम्हांस मुळीच मान्य नाही. एक तर तो ५२ चा आकडा वेदवाक्य नव्हे. प्यू संशोधन केंद्राने प्रत्यक्ष मतदानाच्या नोंदी पडताळून २०१६ चा हिशेब केला, तेव्हा ट्रम्प ह्यांस ४७ व क्लिंटनबाईंस ४५ असे प्रमाण निघाले. त्याच साली महाविद्यालयीन पदवी असलेल्या गोऱ्या स्त्रियांत क्लिंटनबाईंस आघाडी होती. पदवी नसलेल्यांत शेकडा ६१ जणी ट्रम्प ह्यांच्या बाजूस होत्या. वर्ण एकच, स्त्रीत्व एकच, आणि मध्ये एवढी दरी! ह्या दरीचा उलगडा मॅक्रेबाईंच्या पुस्तकात होत नाही, कारण त्यांच्या चारही नायिका सुस्थितीतील व लेखणी चालविणाऱ्या आहेत. ज्या गॅस्टोनियाच्या कामगारांची बाजू लुईसबाईंनी घेतली त्यांच्यात स्त्रियाही होत्या. गिरणीत राबणाऱ्या त्या गोऱ्या बायकांस आपला वर्ण किती मोलाचा वाटत होता, आणि कोणत्या घटकेस तो निरुपयोगी वाटत होता, हे जाणून घेण्याची उत्कंठा पुस्तक चाळविते व तशीच सोडते.

दुसरे असे की, ह्या मतदारिणी सर्व प्रश्नांवर एकच मत देतात असेही नाही. गर्भपाताचा घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये काढून घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांत रिपब्लिकन पक्षाच्या कॅन्ससमध्ये तो हक्क राज्याच्या घटनेतून वगळण्याची सूचना शेकडा ५९ मतांनी फेटाळली गेली. मिसूरीत तर नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच दिवशी ट्रम्प ह्यांस शेकडा ५८ हून अधिक मते पडली आणि गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्तीही संमत झाली. ह्या दोन्ही राज्यांचा मतदारवर्ग बहुतांशी गोरा आहे. म्हणजे एकाच हाताने एकाच मतपत्रिकेवर ह्या दोन्ही खुणा केल्या, असे मतदार तेथे हजारोंनी निघाले, आणि त्यांत स्त्रिया नव्हत्या असे कोण म्हणेल? मॅक्रेबाई चार स्त्रियांच्या माजघरात शिरल्या तशा मिसूरीतील ह्या मतदारिणीच्या माजघरात शिरून तिची हकीगत इतक्याच सबुरीने कोणी लिहील, तर ते पुस्तक वाचावयास आम्ही उत्सुक आहोत.