हात, नखे आणि दहा थेंब सुगंध

आषाढात अड्याळच्या (ता. पवनी, जि. भंडारा) आसपासच्या बांध्यांत धानाची रोवणी सुरू झाली, की आमचे लक्ष हातांकडे जाते. चिखलणी केलेल्या पाण्यात दिवसभर पऱ्हे लावणाऱ्या बायांची बोटे संध्याकाळी पांढरी पडून सुरकुततात, नखांच्या कडा सुजतात, चिखल नखांखाली घट्ट बसतो. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर बांधीत उतरणाऱ्या नववी-दहावीच्या मुलींचे हातही तसेच दिसतात. आणि अशाच दिवसांत 'नखांची नैसर्गिक निगा' या धर्तीचे लेख पुरवण्यांतून वाचायला मिळतात. कुणीतरी ते कापून शाळेच्या भित्तिपत्रकावर लावते, मुली वहीत उतरवून घेतात. शाळेच्या भिंतीवर लागलेला मजकूर पाठ्यपुस्तकाइतकाच खरा मानला जातो. म्हणून अशा लेखांची परीक्षा करणे हे शिक्षकाचे काम आहे, असे आम्ही मानतो.

या लेखांचा साचा ठरलेला असतो. वाटीभर तिळाचे किंवा बदामाचे तेल घ्या, त्यात लव्हेंडर, लिंबू, टी-ट्री किंवा रोशा गवत यांच्या सुगंधी तेलाचे दहा थेंब घाला, रोज रात्री नखांना चोळा. पंधरा दिवसांत नखे बळकट व चमकदार होतील, बुरशी जाईल, आणि सारे नैसर्गिक असल्याने अपाय काहीच नाही. एकेक विधान तपासून पाहू.

पहिली अडचण 'तेल' या शब्दाचीच आहे. तिळाचे तेल आणि सुगंधी तेल या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. पहिले मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांच्या संयुगांचे बनलेले असते. दुसऱ्यात मुख्यतः टर्पीन वर्गातील लहान रेणू असतात आणि ते हवेत उडून जातात. हे वर्गात दाखवणे सोपे आहे. कोऱ्या कागदावर एक थेंब तिळाच्या तेलाचा आणि एक थेंब निलगिरीच्या तेलाचा टाका. काही वेळाने निलगिरीचा डाग जवळजवळ नाहीसा होतो, तिळाचा तसाच राहतो. हातावरही हेच होते. कातडीवर थर धरून आतले पाणी उडू न देण्याचे काम वाटीभर तीळतेल करते, श्रेय मात्र दहा थेंबांना मिळते.

दुसरे विधान पंधरा दिवसांचे. नखाचा दिसणारा भाग म्हणजे केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे थर. तो भाग मुळाशी, कातडीखाली तयार होऊन पुढे सरकतो. हाताच्या बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते आणि पूर्ण नवे यायला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे रोवणीत तुटलेले नखाचे टोक साधारण माघ-फाल्गुनात घडलेले असते! ते 'पोसून' बळकट करता येत नाही. फार तर वरून चमकवता येते. याचा पडताळा घ्यायला मेंदी पुरते. मेंदीतील लॉसोन हा रंग केराटिनला पक्का धरतो, त्यामुळे नखावरचा रंग धुऊन जात नाही, नखाबरोबर पुढे सरकतो. पोळ्याला नखांवर मेंदी लावलेल्या मुलींनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुळाजवळची बिनरंगी पट्टी मोजावी. दोन चांद्रमास झालेले असतात, पट्टी सहा मिलिमीटरच्या जवळपास भरावी. प्रत्येक बोटाची निराळी नोंद ठेवली तर आलेख काढण्याचा पाठही होतो.

तिसरे विधान बुरशीचे. यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते नीट पाहिले पाहिजे. अनेक सुगंधी तेले काचेच्या बशीत वाढवलेल्या बुरशीला मारतात. परंतु नख म्हणजे बशी नव्हे. नखात स्निग्ध अंश अत्यल्प असतो, ते पाणी शोषते आणि तेलात विरघळणाऱ्या पदार्थांना सहजी आत येऊ देत नाही. बुरशी मात्र बहुधा नखाच्या खालच्या बाजूला असते. ऑस्ट्रेलियातील टी-ट्री या झाडाच्या तेलाची एक चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. नखाची बुरशी झालेल्या ११७ रुग्णांपैकी काहींना सहा महिने हे तेल, तर बाकीच्यांना क्लोट्रिमॅझोल या औषधाचे एक टक्क्याचे द्रावण लावण्यात आले. 'तेल औषधाइतकेच गुणकारी ठरले' असा तिचा दाखला दिला जातो. आकडे असे होते: प्रयोगशाळेतील तपासणीत बुरशी नाहीशी झालेले रुग्ण तेलाच्या गटात १८ टक्के, औषधाच्या गटात ११ टक्के. म्हणजे दोन्ही गटांत दहापैकी आठांहून अधिक रुग्णांची बुरशी कायम होती. शिवाय नुसते साधे तेल लावलेला तिसरा गट नव्हताच. दोन विद्यार्थी सारखेच नापास झाले, तर त्यांना सारखेच हुशार म्हणत नाहीत.

चौथे विधान सर्वांत घातक: नैसर्गिक म्हणून निर्धोक. रोशा गवताचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपले आहे. खानदेश आणि मध्य भारताच्या रानांतील या गवतापासून ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. त्याचा गुलाबासारखा वास जेरॅनिऑल या रेणूचा असतो. तेलाचा बहुतांश भाग तोच असतो. जेरॅनिऑल गवतातून आला काय किंवा कारखान्यातून आला काय, रेणू तोच. काहींच्या कातडीला त्याची अ‍ॅलर्जी होते. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने ज्या २६ सुगंधी घटकांची नावे ठरावीक प्रमाणापुढे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले, त्यांत जेरॅनिऑल आहे, आणि लव्हेंडरमधील लिनालूल व लिंबातील लिमोनीनही आहेत. शेवटचे दोन हवेत ऑक्सिडीभूत झाले की अधिक त्रासदायक होतात. म्हणजे जुनी, अर्धी रिकामी बाटली नव्या बाटलीपेक्षा वाईट. लिंबाची साल दाबून काढलेल्या तेलात असेही पदार्थ असतात, की ते लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते. उन्हात राबणाऱ्या बाईला हे तेल सुचवणाऱ्या लेखात याचा उल्लेख नसावा, ही लहान चूक नाही. आणि टर्पेंटाइन? तेही चीड वृक्षाच्या राळेतून काढलेले नैसर्गिक सुगंधी तेलच आहे. रंगाऱ्यांच्या हातांना त्याने इसब होते, हे जुने ज्ञान आहे.

या पंथाची मूळ कथाही एका हाताचीच आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गातफोसे यांचे हात १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात भाजले. जखमा चिघळल्या आणि लव्हेंडरने एकदा धुताच बऱ्या होऊ लागल्या, असे त्यांनी १९३७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले. सांगोवांगीत त्याचे 'भाजलेला हात चुकून लव्हेंडरच्या भांड्यात बुडाला' असे झाले. मूळ कथा खरी धरली तरी तो एका माणसाचा अनुभव आहे. अनुभवातून प्रश्न सुचतो, उत्तर मिळण्यासाठी तुलना लागते. अशी तुलना कशी करावी, याचा आराखडा विद्यार्थ्यांकडून कागदावर करून घ्यावा (कातडीवर प्रयोग मात्र करू नये). वास येताच कुणाला कोणते तेल दिले ते कळते, मग पक्षपात कसा टाळायचा? या प्रश्नावर एक तास सहज रंगेल.

या लेखांतले चांगले ते मान्य केले पाहिजे. हातांना तेल लावावे, ही आजीचीही शिकवण आहे आणि ती बरोबर आहे. आमची खरी तक्रार निराळी आहे. या लेखांत हात आहेत, पण हातांचे काम नाही. रोवणीत नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडीची कड सतत ओली राहून दुखावते. मग तिथून बुरशी व जिवाणू शिरतात आणि नखुरडे होते. त्यावर उपाय सुगंधाचा नाही, कोरडेपणाचा आहे. बांधीतून आल्यावर हात स्वच्छ पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्यांसह पुसून कोरडे करावेत, मग साधे खोबरेल लावावे. ती कड कापू वा कोरू नये. सूज, पू किंवा ठणका असेल तर दवाखाना गाठावा, मधुमेह असणाऱ्यांनी तर त्याच दिवशी. आणि एखाद्या मुलीची नखे फिकट, चमच्यासारखी खोलगट दिसली, तर तिला तेल सुचवू नये. ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, तिचे रक्त तपासायला हवे. नख ही शरीराने लिहिलेली चिठ्ठी आहे. ती चमकवण्याआधी वाचली पाहिजे.

भित्तिपत्रकावरचे ते कात्रण फाडून टाकू नये, अशी आमची सूचना आहे. ते तिथेच राहू द्यावे. शेजारी कागदावरचे दोन डाग आणि मेंदीच्या पट्टीचा आलेख लावावा. कोणते खरे, ते मुली स्वतःच ठरवतील.