चित्र तेच, उत्तर वेगळे

प्युअर डेटा ही मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात घडवलेली, मुख्यतः संगीतासाठी वापरली जाणारी दृश्य संगणक-भाषा. पडद्यावर चौकटी मांडायच्या, एकीच्या खालच्या तोंडातून दुसरीच्या वरच्या तोंडापर्यंत तार ओढायची, की प्रोग्रॅम तयार. आकृती हाच संपूर्ण मजकूर, असा या पद्धतीचा दावा. तो तपासणे मला अगत्याचे वाटते. या भाषेतल्या रचना जतन करायच्या तर नेमके काय जपायचे, हे त्यावरच ठरते.

फाइल साध्या मजकुरासारखी उघडली की प्रत्येक तारेची एक ओळ सापडते: ‘कनेक्ट’ हा शब्द आणि चार आकडे. कोणती चौकट, तिचे कितवे तोंड. पुढची चौकट, तिचे कितवे तोंड. मोजणी शून्यापासून. हाच मजकूर संदेश म्हणून पाठवला की प्रोग्रॅम चालता चालता स्वतःच्या तारा जोडतो, आणि ‘डिसकनेक्ट’ने तोडतो.

आता एक साधा वर्ग काढू. आकड्याच्या चौकटीतून दोन तारा गुणाकाराच्या चौकटीला जातात. उजवे तोंड आकडा नुसता साठवते. डाव्यात आकडा आला की गुणाकार होतो. उजवी तार आधी जोडलेली असेल तर ३ नंतर ४ दिल्यावर १६ मिळतात. संदेशाने ती उजवी तार तोडून लगेच पुन्हा जोडली, तर ती रांगेत शेवटी जाते. मग ३ नंतर ४ दिल्यावर उत्तर येते १२, कारण डावीकडे ४ पोहोचतो तेव्हा उजवीकडे अजून जुना ३ असतो. पडद्यावर मात्र काडीचा फरक नाही! (हाताने तार ओढणाऱ्यालाही हा चकवा बसतो, पण निदान त्याने काय केले ते त्याला ठाऊक असते.)

या अवस्थेत फाइल साठवली की नवा क्रमच फाइलीत उतरतो. एकाच चित्राचे दोन पाठ तयार होतात, आणि चित्र पाहून पाठभेद ओळखता येत नाही.

भाषेत यावर उपाय आहे. ‘ट्रिगर’ नावाची चौकट उजवीकडून डावीकडे असा क्रम उघड लिहून ठेवते. तारा संदेशांनी बदलणाऱ्या रचनेत ती नसेल, तर तो मला लेखनातलाच दोष वाटतो. आणि अशा रचनेच्या पडद्याचे छायाचित्र मी पुरावा मानत नाही. मूळ फाइल हवी, आणि कोणते संदेश कोणत्या क्रमाने गेले त्याची नोंद हवी.